नदीतून वर आलेले खांब

क्रेन बेंड, नेब्रास्का
ऑक्टोबरचा पहिला रविवार, चर्चहून येऊन सूप शेगडीवर ठेवल्यावर

चि. लायल यास आल्बीनाआत्याचे अनेक आशीर्वाद. जवळ असतास तर कानही धरला असता, पण तो टपालाने धरता येत नाही.

तुझं पत्र नाही, फोन नाही, म्हणजे तू खुशाल असणार असं मी धरून चालले आहे. (आजारी माणसं फार फोन करतात, हे मला आपल्या चर्चमधल्या बायकांवरून पक्कं ठाऊक आहे.) डावा गुडघा कसा आहे? त्या समुद्रावरच्या ओल्या हवेत ठणकत असणार. मोहरीचं तेल कोमट करून लाव, आणि लावलंस असं खोटं सांगू नकोस. तू तिकडे बेटाबेटांमधून फेरीबोट हाकतोस, धुक्यात भोंगा वाजवत रोज शंभर माणसं पैलतीरी नेतोस, हे मी इथे सांगते तेव्हा लोक एकमेकांकडे बघतात. धुक्यात ज्याचा घात झाला तो पोट भरायला पुन्हा धुक्यातच गेला, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. मग मी म्हणते, अहो, आजवर एकही बोट त्याने समोरच्या टीमच्या हातात दिलेली नाही! तेव्हा कुठे गप्प बसतात.

माझी तब्येत वयाच्या मानाने उर्मट आहे. दुपारी जेवण झालं की खिडकीतल्या खुर्चीत बसते, बाहेर वाळलेला मका सळसळायला लागतो आणि माझा डोळा लागतो. हल्ली झोप आणि जाग यांच्यामधलं कुंपणच पडलंय बघ. या शेतातून त्या शेतात मी केव्हा जाते ते माझं मला कळत नाही. परवा तुझी आई येऊन बसली होती (गेलेल्या माणसांना माझ्याकडे यायला हल्ली बराच वेळ असतो). हातात विणकाम, आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं, जणू घर ढगात नेऊन ठेवलंय. तिने एवढंच विचारलं, लायलने जाकीट घातलंय का? मी म्हटलं, घातलंय. तेव्हा घालत जा बाबा, मला तिच्यासमोर खोटं पाडू नकोस.

एमिलदादा, म्हणजे तुझा बाप, बरा आहे. तुम्ही दोघं बोलत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, पण त्याची खुशाली ऐकल्याने तुझ्या कानाला काही इजा होणार नाही. तू गेलास त्याला तीसेक वर्षं झाली. नाताळला तुझं कार्ड येतं, तेही माझ्या नावाने, खाली ‘घरच्या सर्वांना’. आता घरचे सर्व म्हणजे कोण रे? एकटा तो! मी ते कार्ड त्याच्या स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवते, तो ते वाचत नाही असं दाखवतो, आणि मी परत मागायला गेले की ते नेमकं सापडत नाही. त्याचं बोलणं पूर्वीइतकंच आहे. म्हणजे हवामानाबद्दल, आणि तेही हवामानाने आधी विषय काढला तर. शेत त्याने आता खंडाने दिलंय. गेल्या महिन्यात पिकअप घेऊन निघाला आणि शेजारच्या यानाचेकांची टपालपेटी आडवी केली. ती पेटी तो तरुण होता तेव्हापासून त्याच वळणावर आहे. मला म्हणतो, ‘पेटी पुढे आली होती.’

तुला वाटेल मी पत्र त्याच्यासाठी लिहायला घेतलंय. छे! पत्राचं कारण नदी आहे.

यंदा पावसाने तोंडच दाखवलं नाही. जूनपासून प्लॅट नदी आटत गेली आणि सप्टेंबरात वाळूमधून पाण्याचे नुसते दोरे राहिले. बदकांच्या शिकारीला गेलेल्या मंडळींना एका सकाळी धुक्यात नदीच्या मधोमध दोन पिवळट शिंगं वर आलेली दिसली. एवढं मोठं जनावर कुठलं, म्हणून हे बंदुका सरसावून वाळूतून निघाले. जवळ जाऊन बघतात तर काय, गोलपोस्ट! दोन लोखंडी खांब, मध्ये आडवा दांडा, गंजलेला, तिरका, पण आपल्याच कॉलेजच्या फुटबॉल मैदानावरचा. बातमी नाश्त्याच्या आत गावभर. दुपारपर्यंत सगळं क्रेन बेंड नदीकाठी दर्शनाला. मॅचच्या आधी गाड्यांची मागची दारं उघडून खायचं-प्यायचं हा आपला धर्म, तेव्हा लोक रिकाम्या हाताने कसे येणार? राजमा-खिम्याच्या चिलीची पातेली आली, सोबत दालचिनीचे रोल, घडीच्या खुर्च्या आल्या, कुणी टीमचा झेंडासुद्धा लावला. समोर मॅच नाही, टीम नाही, वाळूत रुतलेले दोन खांब आणि त्यांच्याभोवती फिरणारं उथळ पाणी. लोक आपले चमचा चाटत त्यांच्याकडे बघत बसलेले. मधूनच कुणीतरी ‘हं’ म्हणायचं. वरून क्रौंच दक्षिणेकडे चालले होते, इतके उंच की दिसत नव्हते, नुसता त्यांचा घुमारा खाली येत होता. मी मान वर करून ऐकत राहिले आणि माझा रोल यानाचेकांच्या कुत्र्याने खाल्ला.

आणि मग, बाळा, तुझा विषय निघाला. तसा तो निघावा लागत नाही, तो शेगडीवरच्या कॉफीसारखा कायमच असतो. यंदा मात्र उकळून बाहेर आला.

मायलो झाबका आठवतो ना, रेडिओवर मॅचचं वर्णन करायचा तो? अजून आहे, आणि अजून बोलतोय. तुझ्या त्या शेवटच्या मॅचला धुक्यामुळे त्याच्या काचेच्या खोलीत त्याला हातातला कप दिसत नव्हता, तरी शेवटपर्यंत त्याने मॅच डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगितली. त्याच्या वर्णनात समोरच्या लूपव्हिल टीमचा एक साडेसहा फुटी राक्षस होता, जो लूपव्हिलच्या लोकांनाही कधी भेटलेला नाही. मायलोचं ठाम मत असं की, ‘लायलचा हात देवाने दिलेला, डोकं मात्र कुचेरांचं.’ (मीही माहेरची कुचेराच, म्हटल्यावर म्हणतो, ‘म्हणून तर म्हणतो!’ मेला.) दुसऱ्या बाजूला डॉक्टर रुडी टोमेक, तुझा पास झेलणारा, आता गावचा दातांचा डॉक्टर. त्याचं म्हणणं, तुझ्यासारखा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक या कॉलेजात झाला नाही आणि होणार नाही. पुरावा म्हणून तो तुझ्या पासने वाकडं झालेलं बोट दाखवतो. पण हे तो लोकांना केव्हा सांगतो? तोंडात त्याचे दोन्ही हात आणि एक आरसा असताना! समोरच्याला ‘आं आं’ करण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि रुडी ते होकारात धरतो. त्यामुळे गावातल्या दातदुख्यांचं मत तुझ्या बाजूने, आणि दात काढून कवळी बसवलेल्यांचं विरोधात, अशी सरळ फाळणी झाली आहे.

तू गेल्यापासून टीमचं जे काही झालं तेही सगळं तुझ्याच खात्यावर बरं का. कोच आले नि गेले. एक तर मध्यंतरात पाणी प्यायला म्हणून गेला तो थेट कॅन्ससमध्ये नोकरीला लागला. पाद्री व्हायला निघालेल्या पोरांच्या कॉलेजकडून आपण हरलो, आणि वर त्यांनी आपल्यासाठी प्रार्थना केली. टीमचं निशाण म्हणून नाचणाऱ्या क्रौंचाच्या सोंगाचं डोकं बसमध्ये विसरलं, तर पुढचा हंगामभर एक बिनडोक क्रौंच मैदानाकडेने नाचत होता. या सगळ्याला मूळ कारण काय, तर लायल कुचेराचा तो पास! आपलं नाक शिंकून शेजाऱ्याला सर्दी झाली म्हणायचं, यात आपल्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

तू तिथे होतास, तुला काय सांगायचं. पण इतक्या तोंडांनी ती गोष्ट इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे की तुझं तुलाच खरं काय ते आठवेनासं झालं असेल, म्हणून मी एकदाची नीट लिहून टाकते. लूपव्हिलशी हंगामातली शेवटची मॅच. जिंकलो तर कॉलेजच्या जन्मात पहिला करंडक. आपण दोन गुणांनी मागे, घड्याळ संपत आलेलं. नदीवरचं धुकं दुपारीच मैदानात शिरून बसलं होतं. आम्हाला दिसत काहीच नव्हतं, नुसते आवाज यायचे. अंगावर अंगं आपटल्याचे, पंचांच्या शिट्टीचे, आणि खेळी सांगायला तू ओरडलेल्या आकड्यांचे. (तुझा आवाज मला बरोबर ओळखू यायचा. कोंबड्यांना बोलवायचास तसाच.) मग तू फेकलास. चेंडू पांढऱ्यात वर गेला आणि बराच वेळ काही झालंच नाही. सगळं गाव श्वास धरून बसलेलं, कुणी खोकेना. कधी कधी दुपारच्या झोपेत मला वाटतं की तो चेंडू अजून वरच आहे, हळूहळू फिरतोय, आणि आम्ही सगळे, गेलेले आणि राहिलेले, माना वर करून तसेच बसलो आहोत. फार बरं वाटतं त्या झोपेत, उठावंसं वाटत नाही.

तेवढ्यात उत्तरेच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, ‘आला! आला!’ झालं. जिंकलो समजून सगळं गाव मैदानात. आणि जिंकल्यावर गोलपोस्ट उपटून वाजतगाजत नेऊन नदीत टाकायचा ही रीत आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून माहीत, स्वतः करायची वेळ कधी आलेलीच नव्हती. जन्मभराच्या उपाशी माणसापुढे ताट आलं, तो काय देवाला नैवेद्य दाखवत बसणार? बघता बघता उत्तरेचे खांब उपटले, खांद्यावर घेतले, पोल्काची गाणी म्हणत नदीवर नेले आणि दिले सोडून. परत येऊन बघतात तर मॅच अजून चालू!

रुडीने चेंडू झेलला होता खरा, पण गोलरेषेच्या दोन पावलं अलीकडेच आडवा झाला होता. घड्याळात थोडे क्षण शिल्लक होते. तेवढ्या अंतरावरून खांबांमधून लाथ मारायची, तीन गुण, करंडक घरी! आपल्या किक मारणाऱ्या पोराने ती झोपेत मारली असती. तो ऐटीत धावत आला, मान वर केली, आणि खांबच नाहीत. पंचांनी नियमांचं पुस्तक काढलं. खांब चोरीला गेले तर काय करायचं हे त्यात नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने क्रेन बेंडची माणसं पाहिली नव्हती. शेवटी, गर्दी मैदानात आली म्हणून टीमला शिक्षा दिली, बरंच मागे ढकललं, आणि म्हणाले आता काय करायचं ते करा. किक मारायची तर कशातून? म्हणून तू दुसऱ्यांदा फेकलास आणि तो चेंडू लूपव्हिलच्या पोराच्या पोटाशी जाऊन विसावला. तो पास वाईटच होता, लायल. आत्या झाले म्हणून खोटं बोलणार नाही. पण ती पाळी तुझ्यावर आणली कुणी?

आणि गावाने लक्षात काय ठेवलं, तर दुसरा पास. पहिल्याचं नाव नाही, खांबांचं तर नाहीच नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, आपल्या गावाच्या मनात धुकं. त्या वसंतात तू बॅग घेऊन बसमध्ये बसलास, तुझा बाप बसथांब्यावर आला नाही, आणि तू समजायचं ते समजलास. मीही तसंच समजले होते.

आता पुढचं ऐक. कॉलेजला नव्या अध्यक्षीणबाई आल्या आहेत, मिस ऑस्टरहाउट, तिकडे मेन राज्यातून, जिथे म्हणे लोक बर्फावर काठ्या घेऊन खेळतात. भल्या बाई आहेत, पण गावात काय विचारायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. नदीतले खांब बघून त्यांनी सुचवलं की, या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जुने विद्यार्थी घरी येतात, मिरवणूक निघते, तर यंदा मिरवणुकीत पुढच्या गाडीवर लायल कुचेराला बसवू, आणि त्याच्या जर्सीचा बारा नंबर यापुढे कुणाला घालायला द्यायचा नाही असं ठरवू. बापरे! सोकोल व्यायामशाळेच्या हॉलमध्ये सभा भरली, आपले आजोबा ज्या कड्यांना लोंबकळून कसरती करायचे त्या कड्यांखाली. मायलो उठून म्हणाला, ‘हरलेल्याची मिरवणूक काढायची तर मग रोजच काढावी लागेल, आणि घोडे कुठून आणणार?’ रुडी म्हणाला, ‘तू मॅच बघितली होतीस का?’ मायलो म्हणाला, ‘मी ती सांगितली होती!’ रुडी म्हणाला, ‘तेच तर! तुझं ऐकून माझ्या आईने तासभर शोक केला, कारण तुझ्या मॅचमध्ये मी स्ट्रेचरवर गेलो होतो!’ असं दोन पातेली कॉफी संपेपर्यंत चाललं. मी मागे बसून जराशी पेंगत होते, आणि त्यांचे आवाज मला पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते.

तेव्हा मिस ऑस्टरहाउट अगदी मऊपणे म्हणाल्या, ‘मला एक कळलं नाही. इतकी सोपी किक होती, तर पास का टाकला?’

काय सांगू तुला! कॉफीच्या भांड्याचं गुरगुरणं ऐकू यायला लागलं. कुणी कड्यांकडे बघतंय, कुणी बुटाकडे. मायलो म्हणाला, ‘धुकं होतं.’ बाई म्हणाल्या, ‘तुमच्याकडे धुक्यात लोखंड विरघळतं का?’

आणि दाराजवळची खुर्ची कुरकुरली. एमिलदादा उभा राहिला. तो आलाय हेच मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर तो ना कुठल्या मॅचला गेला, ना सभेला. टोपी दोन्ही हातांत धरून फिरवत होता. सगळ्यांना वाटलं आता हा मुलाची बाजू घेणार, किंवा त्याला नावं ठेवणार. तो म्हणाला, ‘खांबाला पहिला लटकलो तो मी.’

मी खडबडून जागी झाले. तो इतकं बोलला, लायल, की मी त्याच्या लग्नातसुद्धा त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाला, मी नेहमीसारखा उत्तरेच्या खांबांमागे एकटा उभा होतो. मला वाटलं आता काही दिसणार नाही. आणि धुक्यातून चेंडू निघाला. एवढासा होता, मग मोठा झाला, जरासुद्धा हलत नव्हता, सरळ रुडीच्या हातात. माझ्या पोराने फेकलेला. ‘आता मी काय करायचं होतं?’ असं त्याने सभेला विचारलं, खरंखुरं उत्तर हवं असल्यासारखं. ‘टाळ्या वाजवून भागण्यासारखं नव्हतं ते. मी ओरडलो. हात वर गेले ते खांबालाच लागले. मागून लोक आले आणि खांब निघाला.’ मग टोपी फिरवायचा थांबला. म्हणाला, ‘पोरगा गाव सोडून चालला तेव्हा बसपाशी कुठल्या तोंडाने जाऊ? तुझी मॅच माझ्या आनंदाने बुडवली, असं सांगू? मग गेलोच नाही. एकदा नाही गेलो, की पुढे जाता येत नाही.’ आणि खाली बसला.

मी रडले, हे लपवून काय करू? मला त्याचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की दोन्हींना एकच रुमाल पुरेना. तीस वर्षं तू समजत होतास बाप रागावलाय. अरे, तो लाजला होता!

बरं, गाव काय करील असं तुला वाटतं? माफी मागेल? छे, नाव कशाला! एक जण उठला, ‘डावा खांब मी धरला होता.’ दुसरा म्हणाला, ‘डावा मी, तू मागे शेपटीला होतास.’ बघता बघता ज्या गोष्टीचं नाव कुणी काढत नव्हतं तिच्यासाठी मारामारी! फादर फ्लोरियन म्हणाले, पुढे घंटा वाजवत मी होतो. मायलो म्हणाला, मी देहाने रेडिओवर होतो पण मनाने लटकलेलोच होतो. ज्यांनी ज्यांनी म्हणून आपण हात लावला असं सांगितलं तेवढ्यांनी खरंच लावला असता, तर गोलपोस्ट सोडा, कोर्टाची इमारत नदीत गेली असती. शेवटी मिस ऑस्टरहाउटनी हातोडी आपटून मत घेतलं, आणि सगळे हात वर. मायलोचाही होता. (नंतर म्हणाला तो कॉफी मागत होता.) बारा नंबर आता तुझाच, आणि नदीतले खांब त्याच उत्तरेच्या टोकाला पुन्हा उभे करायचं ठरलं.

खांब ट्रॅक्टरने ओढून काढले ते एमिलदादाने. आता ते त्याच्या शेडमध्ये आहेत. गंज खरवडून त्याने रंग दिलाय, एक खांब लिंबासारखा पिवळा आणि दुसरा अंड्याच्या बलकासारखा. मी म्हटलं, दादा, दोन रंग झाले. तो दोन्हींपाशी अगदी नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, ‘एकच आहे.’ मी वाद घातला नाही. संध्याकाळी शेडचं दार उघडं असतं, नदीवरून धुकं आत येतं, आणि त्यात तो त्या दोन खांबांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेला असतो. कशाची वाट बघत असल्यासारखा. मी हाक मारते, तर आवाजाच्या दिशेने तोंड करतो.

टीमचं म्हणशील तर काल पुन्हा हरलो, आणि सणसणीत हरलो. आता दोष कुणाला द्यायचा हेच कुणाला कळेना, त्यामुळे लोक लवकर घरी गेले आणि गावात पहिल्यांदा शनिवारी रात्रीचं जेवण वेळेवर झालं. बाकी सर्व क्षेमकुशल. सूप करपल्याचा वास येतोय, तेव्हा आटोपते. जाकीट घाल.

तुझीच,
आल्बीनाआत्या

ता. क. – हे पत्र वाचून मी तुला बोलावते आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. तुझी बोट आहे, नोकरी आहे, गुडघा आहे. मला फक्त बातम्या कळवायच्या होत्या. म्हातारं माणूस, लिहिलं की बरं वाटतं.

ता. क. – तू येणार असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे. वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकली, पडदे धुतले. मिरवणुकीत तुला गवताच्या गाड्यावर बसायचं आहे, आणि तो गाडा ओढायला एमिलदादाचा ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टर त्याने साबण लावून धुतला. स्वतःच्या लग्नात त्याने स्वतःला इतकं घासलं नव्हतं. पण तो चालवणार यानाचेक, दादा नाही. त्याचं कारण पुढच्या ता. क. मध्ये लिहीन, किंवा लिहिणार नाही.

ता. क. – लिहिते. ओमाहाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याला मी नेलं होतं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे तसलं नाही. मधोमध पांढरं येत चाललंय, कडेकडेने दिसतं, आणि वसंतात क्रौंच परत येतील तोवर माणसांचे चेहरे दिसायचे नाहीत असं डॉक्टर म्हणाले. परत येताना गाडीत तो टोपी हातांत फिरवत होता. मग म्हणाला, ‘मिरवणुकीच्या शनिवारी लख्ख ऊन पडलं तर बरं.’ एवढंच. तुला हे लिहू नकोस असं त्याने मला बजावलं आहे, म्हणून मी ता. क. मध्ये लिहिते आहे. पत्रात लिहिलेलं नाही.

ता. क. – तो आत्ता इथे येऊन उभा राहिला आहे आणि म्हणतो, पेन दे.

लायल,
आत्या सांगते त्यातलं निम्मं सोडून दे. पहिला पास मी पाहिला होता. दुसऱ्या कुणी पाहिला नाही, मी पाहिला. फार सुंदर होता. हे तेव्हाच सांगायचं होतं. ये. बसथांब्यावर गाडी घेऊन मी येतो.
बाबा

(ओळी डोंगर चढल्यात, संभाळून वाच. बसथांब्यावर तो येईल. गाडी मी चालवणार आहे. – आत्या)